पत्रे कुणी काढायला लावले

जुळे सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं 'गुरुजींचं घर' म्हटलं, की तो आणखी काही न विचारता सिद्धलिंगप्पांच्या, म्हणजे अप्पांच्या, इमारतीशी आणून सोडायचा. दुधनीच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं, घरी कानडी बोलले आणि शाळेतून उरलेला सगळा वेळ पक्षाला दिला. सभेच्या सतरंज्या घातल्या, उचलल्या, भिंती रंगवल्या, निवडणूक आली की पायाला भिंगरी लावून अक्कलकोट तालुका पालथा घातला. पक्षाकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही. त्यांचा पक्ष कितीतरी वर्षं विरोधातच होता, तेव्हा मागूनही काही मिळालं नसतं, असं ते स्वतःच हसत सांगायचे. आता पक्ष सत्तेत होता आणि अप्पा म्हातारे झाले होते.

सोमशेखर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. रस्त्यांची कामं बघणाऱ्या सरकारी खात्यात उपअभियंता. अप्पा, त्यांची बायको हेमावती, सोमशेखर, त्याची बायको महेश्वरी आणि शाळेत जाणारी नात शिवानी असे पाच जण त्या फ्लॅटमध्ये राहायचे. मुलगा सरळ आहे, कुणाच्या चहालाही बांधला जात नाही, असं अप्पांना वाटे, आणि ते बरंचसं खरंही होतं.

जानेवारीत अक्कलकोट रोड एमआयडीसीत मंत्र्यांचा कार्यक्रम ठरला. आतल्या रस्त्याला ड्रेनेजसाठी मोठा चर खणलेला होता. काम अडकून पडलेलं, चराभोवती गंजके पत्रे उभे. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सोमशेखर जेवायला बसला आणि फोन वाजला. तो बोलत होता, अप्पा शेजारीच भाकरी कुस्करत होते.

"हो, हो. पत्रे काढायला लावतो... नाही, उघडं कसं ठेवणार? मांडववाल्याचं हिरवं कापड बांधून घेतो. दोन दिवसांनी परत लावू पत्रे."

फोन ठेवून त्यानं दुसरा फोन लावला, कुणाला तरी तेच सांगितलं आणि आईकडं चटणी मागितली. अप्पांनी विचारलं, "काय रे?" तो म्हणाला, "काही नाही, उद्याचं." झालं. एवढंच.

मंत्री आले, गेले. हिरवं कापड तसंच राहिलं. पत्रे परत लावणारी ठेकेदाराची माणसं सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पांगली. मग एका संध्याकाळी, दिवस मावळल्यावर, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करणारी रुद्राणी नावाची पोरगी स्कूटीवरून घरी निघाली. त्या रस्त्याचे दिवे बंद होते. समोरून ट्रक आला, त्याच्या उजेडानं तिचे डोळे दिपले आणि तिनं गाडी डावीकडं घेतली. कापडामागं अजून पत्रे आहेत असं तिला वाटलं असेल. कापड फाटलं आणि ती स्कूटीसकट चरात गेली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सकाळी अप्पांनी पूजा उरकून, कपाळाची विभूती ओली असतानाच पेपर उघडला. बातमी आतल्या पानावर होती. चराचा उल्लेख आला तेव्हा त्यांचं लक्ष गेलं, आणि शेवटच्या ओळीतलं 'मूळ राहणार दुधनी' वाचून ते ताठ बसले. आईचं नाव नागम्मा. नागम्मा त्यांची विद्यार्थिनी. सातवीत हुशार होती, लग्न लागलं म्हणून शाळा सुटली. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन सोलापूरला आली आणि कडक भाकऱ्या करून विकू लागली. सणाला अप्पांच्या घरीही तिच्याच भाकऱ्या यायच्या, आणि आणून देणारी असायची रुद्राणी. "गुर्जी, आमच्या अव्वाला तुमी मारलं हुतं का ओ शाळंत?" असं तिनं एकदा आईबद्दल हसत विचारलं होतं.

बातमीत लिहिलं होतं, की मुलीनं हेल्मेट घातलं नव्हतं, गाडी वेगात असावी, आणि ठेकेदाराच्या सुपरवायझरवर गुन्हा दाखल झाला आहे.

अप्पा पेपर मांडीवर ठेवून बसले होते तोच दाराची बेल वाजली. दारात बाळू वाघमोडे.

बाळू दुसऱ्या पक्षाचा. अप्पांचा पक्ष ज्या पक्षाला जन्मभर शिव्या देत आला त्या पक्षाचा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बाळूच्या पक्षाचं राज्य असताना एका सरकारी वसतिगृहात विषारी जेवण खाऊन एक मुलगा दगावला होता. अधिकारी बाळूच्याच पुढाऱ्याचा मेहुणा. अप्पा धरणं धरून बसले होते. एके दुपारी बाळू आपल्या पक्षाच्या कचेरीतून उठला, रस्ता ओलांडून आला आणि अप्पांच्या शेजारी मांडी घालून बसला. "पोरगं कुठल्या पार्टीचं हुतं व्हय?" एवढंच तो पत्रकारांना म्हणाला. त्या वर्षी त्याला नगरसेवकपदाचं तिकीट मिळणार होतं, ते गेलं, आणि पुन्हा कधी मिळालं नाही. तेव्हापासून दोघांची मैत्री. प्रत्येक गोष्टीवर भांडायचे, पण आठवड्यातून एकदा तरी भेटल्याशिवाय दोघांनाही करमायचं नाही.

बाळू आत आला, खुर्चीत बसला. हेमावतीनं चहा ठेवला, तो त्यानं हातात धरून ठेवला.

"अप्पा, मी काय मागाया आलो न्हाय," तो खाली बघत म्हणाला. "आमची पोरं आज मोर्चा काढणार हायत. सोमूचं नाव घेतील. तुमाला भाईरनं कळू नये, म्हून आलो."

"तू मोर्चात आहेस?"

"हाय की."

"मग बरोबर आहे," अप्पा म्हणाले. जाताना बाळूनं अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं.

दुपारी अप्पा नागम्माकडे गेले. पत्र्याच्या दोन खोल्या. मुलीला माती देऊन माणसं परतली होती. नागम्मा भिंतीला टेकून बसली होती, आणि चुलीशी भाकऱ्यांची चळत तशीच फडक्याखाली होती. गुरुजींना बघून ती सवयीनं उठायला गेली. "बर्री, कुंद्री," या, बसा, म्हणत तिनं स्टूल पुढं सरकवलं. अप्पा स्टुलावर न बसता जमिनीवर बसले.

ती म्हणाली, "गुर्जी, ती रोज त्याच वाटंनं यायची. पत्रं हायत तितं, जरा मदनं चालव, असं मी सांगायची तिला. तिला म्हाईत हुतं की पत्रं हायत. मग पत्रं कुणी काढली ओ?"

अप्पांना उत्तर माहीत होतं.

"बघतो," ते म्हणाले. "मी बघतो, नागम्मा."

"तुमची पार्टी हाय की आता वर. तुमाला सांगतील." ती हे मनापासून म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच अप्पांना तिथं बसवेना. बाहेर येऊन ते भिंतीला धरून उभे राहिले.

संध्याकाळी सोमशेखर आला. त्यानं कचेरीवरचा मोर्चा बघितला होता, घोषणा ऐकल्या होत्या. चेहरा उतरलेला. अप्पांनी त्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"सोमू, पत्रे काढायला तू सांगितलंस. मी ऐकलंय."

"अप्पा, मी हौसेनं सांगितलं का? मंत्र्यांच्या माणसाचा फोन होता. साहेबांच्या डोळ्यांना ते गंजके पत्रे दिसता कामा नयेत म्हणाला."

"मग तसं सांग. पोलिसांना सांग, वरिष्ठांना सांग. फोन कुणाचा आला होता तेही सांग."

सोमशेखर हसला. हसू कसलं, ओठ नुसते वाकडे झाले. "कुणाचं नाव घेऊ? तुमच्याच मंत्र्यांचं? ज्यांच्या सभेच्या सतरंज्या तुम्ही उचलल्यात त्यांचं?"

"घे. माझ्या सतरंज्यांची काळजी तू करू नकोस."

"त्यानं काय होईल? त्यांचं काही वाकडं होणार नाही. फोन केलाच नाही म्हणतील. मीच जाईन. कर्ज आहे, शिवानीची शाळा आहे."

"आणि तो सुपरवायझर? त्याच्या घरी शाळा नाही?"

अप्पांचा आवाज खाली आला. शाळेत एखादं पोर रडवेलं झालं की यायचा तसा.

"मला एकच सांग. पत्रे परत लागले नाहीत हे तुला ठाऊक नव्हतं ना? तू विसरला असशील. माणूस विसरतो."

मुलानं 'हो' म्हणावं म्हणून ते जवळजवळ विनवत होते. सोमशेखरनं मान खाली घातली.

"त्या रस्त्यानं रोज जातो, अप्पा. गाडीतून दिसायचं कापड. उद्या सांगू म्हटलं. रोज म्हटलं, उद्या सांगू."

अप्पा कॉटच्या कडेवर बसले. आपलं पोर खोटं बोललं नाही याचं समाधान मानावं की काय, हे त्यांना कळेना.

"नागम्माकडं जा," ते शेवटी म्हणाले. "नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तिच्यासमोर बस आणि सांग, की मी काढायला लावले. तिला एवढं तरी कळू दे."

"वकील म्हणतात, कबुली दिल्यासारखं होईल."

"वकिलाला विचारून झालं वाटतं."

सोमशेखर उठून गेला. बाहेर शिवानी अभ्यास करत होती, तिच्याशेजारी जाऊन तो उगाच तिचं पुस्तक चाळत बसला.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष घरी आले. अप्पांच्या पाया पडले. "गुरुजी, हे सगळं विरोधकांचं राजकारण आहे. आपल्या माणसाच्या पाठीशी पक्ष उभा आहे. सोमशेखरला काही होऊ देत नाही. तुम्ही फक्त शांत राहा."

अप्पा म्हणाले, "वसतिगृहाच्या वेळी त्यांचे अध्यक्षही हेच म्हणाले होते. राजकारण आहे म्हणाले होते. तेव्हा तुम्ही माझ्या मागं बसून घोषणा देत होता."

"ती वेळ वेगळी होती, गुरुजी."

"काय वेगळं होतं, ते सांगा."

कामं आहेत म्हणून अध्यक्ष उठले.

हेमावती हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा ठेवणीतलं धोतर नेसू लागले तेव्हा ते पोलीस ठाण्यात निघालेत हे तिला कळलं. ती दारात आडवी उभी राहिली. लग्नाला उभा जन्म झाला होता, पण ती अशी कधी उभी राहिली नव्हती.

"अहो, बाळूभाऊंनी केलं ते परक्याच्या विरुद्ध केलं. त्यांचं तिकीट गेलं. तुमचं लेकरू जाईल."

"हेमा, तूही ऐकलंस ना तो फोन?"

"मी चटणी वाढत होते. मी काही ऐकलं नाही." "मला नका विचारू. मला कुणी विचारायला आलं तर मी हेच सांगणार."

"सांग. तू आई आहेस, तुला मी काही म्हणणार नाही."

"आणि तुम्ही कोण आहात?"

अप्पांनी तिचा हात हळूच दाराच्या चौकटीवरून बाजूला केला आणि ते जिना उतरले.

बाळू रिक्षा घेऊन खाली उभा होता. पोलीस ठाण्याच्या बाहेर त्याच्या पक्षाची चार पोरं मोबाइल रोखून तयार होती. एकानं पुढं होऊन विचारलं, "गुरुजी, मंत्र्यांनी राजीनामा द्यावा असं एक वाक्य बोला की. लगेच व्हायरल करतो." बाळूनं त्याचा हात खाली दाबला. "लाज वाटती का रं? बाप हाय त्यो. सरका तिकडं."

ठाण्यातला अधिकारी तरुण होता. त्यानं अप्पांना खुर्ची दिली, नाव ऐकून थबकला आणि म्हणाला, "बाबा, पुन्हा एकदा विचार करा." अप्पांनी सांगितलं तसं लिहून घेण्याची विनंती केली. जेवायला कोण कुठं बसलं होतं, फोनवर काय बोलणं झालं, काय शब्द होते. मंत्र्यांच्या माणसाचा फोन होता असं मुलानं आपल्याला सांगितल्याचंही त्यांनी सांगितलं. सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत. शेवटी 'जबाब देणाऱ्याचे उपअभियंत्याशी नाते' असं अधिकाऱ्यानं विचारलं तेव्हा मात्र त्यांना तोंड उघडता येईना. बाळूच पुढं होऊन म्हणाला, "लेक हाय साहेब. लिवा, लेक."

त्यानंतर जे झालं ते भराभर झालं. सोमशेखर निलंबित झाला, त्याच्यावरही गुन्हा दाखल झाला, मग जामीन मिळाला. मंत्र्यांच्या माणसाची एकदा चौकशी झाली म्हणे. त्यानं फोन केला होता तो कार्यक्रमाची वेळ कळवायला, असं निघालं. मंत्री टीव्हीवर म्हणाले, "दोषींची गय केली जाणार नाही." अप्पांच्या पक्षानं त्यांना काढलं नाही, पण बोलावणंही बंद केलं. रस्त्यात जुने कार्यकर्ते दिसले की ते दुकानाच्या पाट्या वाचू लागायचे.

बाळूच्या पक्षानं शहरभर फलक लावले. 'बापच म्हणतो, मुलगा दोषी!' खाली पुढाऱ्यांचे हसरे फोटो. त्यात रुद्राणीचा फोटो सगळ्यात लहान. बाळूनं दोन फलक स्वतः फाडले, त्यावरून पक्षातल्या पोरांशी त्याची हमरीतुमरी झाली. पुढं मार्चमध्ये कसल्याशा निवडणुकीत दोन्ही पक्षांची आतून जुळवाजुळव झाली आणि मोर्चे थांबले. फलक उन्हानं फिके पडत गेले. मंत्र्यांची चौकशी व्हावी म्हणून बाळू आणि अप्पा अधूनमधून कलेक्टर कचेरीबाहेर जाऊन बसायचे. दोन म्हातारी माणसं, एकमेकांच्या विरुद्ध पक्षांतली, एका छत्रीखाली. येणारे-जाणारे बघायचे. कुणी थांबायचं नाही.

ते फलक शिवानीच्या वर्गातल्या मुलींनीही वाचले होते. शाळेत तिला एकीनं विचारलं, "तुझ्या आजोबांनी तुझ्या पप्पांना धरून दिलं ना?" त्या दिवशी महेश्वरीनं सामान बांधलं. ती वाईट बोलली नाही. जाताना अप्पांच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामंजी, तुम्ही चूक केलं असं मी म्हणत नाही. पण मला इथं राहवत नाही." सोमशेखर सामान गाडीत ठेवत होता. त्यानं वर बघितलं नाही. हेमावती आपली पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर गेली. "त्याला आता कुणीतरी पाहिजे," एवढंच ती म्हणाली, आणि भाजी फ्रिजमध्ये ठेवली आहे असं सांगून गेली. सगळे अक्कलकोटला महेश्वरीच्या माहेराजवळ भाड्याच्या घरात राहू लागले.

अप्पा सकाळी पूजा करायचे, खिचडी टाकायचे, पेपर वाचायचे. संध्याकाळी हेमावतीचा फोन यायचा. औषध घेतलं का, गॅस बंद केला का, असं विचारायची. मागून कधी शिवानीचा आवाज यायचा. अप्पा विचारायचे, "सोमू जेवला?" ती म्हणायची, "जेवला." पुढं दोघंही बोलायचे नाहीत, पण फोन लगेच ठेवायचेही नाहीत.

उन्हाळा कडक झाला तेव्हा एक दिवस अप्पा नागम्माकडे गेले. जबाबानंतर ते दोनदा गेले होते. दोन्ही वेळा ती फारसं बोलली नव्हती. पत्रे कुणी काढले हे तिला आता ठाऊक होतं, आणि ते सांगणारा माणूस तिच्यापुढं बसलेला होता. दोघांनाही एकमेकांकडं बघणं जड जायचं.

आज ती भाकऱ्या थापत होती. पुन्हा कामाला लागली होती. तव्यावरची भाकरी उलटून, वर न बघताच ती म्हणाली, "गुर्जी, तुमचा लेक येऊन गेला."

अप्पांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कोण? सोमू?"

"व्हय. सोमवारी. एकलाच आलता. बसनं."

"मला... मला नाही बोलला."

"मला बी कुणाला सांगू नको म्हणला न्हाय. म्हून तुमाला सांगते." तिनं पीठ पुढ्यात ओढलं. "हितंच बसला, तुमी बसलाय तितं. म्हणला, मी काढाया लावलं. म्हणला, रोज बघत हुतो आन् रोज उद्या म्हणत हुतो. असं सगळं म्हणला. कुणावर ढकललं न्हाय."

"मग?" अप्पा पुढं सरकले.

"मग काय. मला वाटलं हुतं, ह्यो दारात आला तर तवा फेकून मारीन. येवडे दिवस त्येच डोक्यात हुतं. आला तवा बगितलं तर पार वाळलेला. दाढी वाढलेली. तो रडला, गुर्जी. मी न्हाय रडले." ती थांबली. भाकरीचा एक कोपरा करपला तरी तिनं काढली नाही. "माफ केलं असं मी म्हणले न्हाय. त्येनं मागितली बी न्हाय. पाणी दिलं. पाणी पिऊन गेला."

अप्पा ऐकत होते. उभ्या जन्मात त्यांनी किती सभा ऐकल्या होत्या, किती भाषणं, किती वचनं. त्यांनी जे एक मागितलं होतं ते झालं होतं. ऊर भरून यायला हवा होता, आणि आला होताही. पण त्या भरून आलेल्या उराखाली काहीतरी खोल खचत होतं, ते त्यांना धरून ठेवता येत नव्हतं.

"नागम्मा," ते म्हणाले. "माझ्याबद्दल काही म्हणाला का?"

नागम्मानं पहिल्यांदा वर बघितलं. ती काहीतरी बरं सांगू शकली असती. गुरुजींच्या तोंडाकडं बघून तिला तसं वाटलंही असावं. पण खोटं बोललेलं त्यांना चालणार नाही, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं.

"न्हाय, गुर्जी," ती म्हणाली. "तुमचं काय न्हाय म्हणला."

अप्पांनी मान हलवली. मग ते रडले. लहान मुलासारखे, तोंड न झाकता. नागम्मा उठली नाही. तिनं तव्याखालचा जाळ तेवढा कमी केला, आणि त्यांचं रडणं थांबेपर्यंत शेजारी बसून राहिली.